जुलै रिकामा होता

निंबदरी तांड्याच्या शाळेचा दर्शनी फळा ही भगवानराव काळबांडे गुरुजींची एकुलती एक चैन होती. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, सोसायटीचं राजकारण नाही. सकाळी महागावहून चौदा किलोमीटर मोटरसायकल हाणत यायचं, ओलं फडकं मारून फळा पुसायचा, तो वाळेपर्यंत खडूंना टोक काढायचं आणि मग त्या दिवसाचा दिनविशेष लिहायचा. वर तारीख नि वार, खाली सुविचार, त्याखाली जयंती, पुण्यतिथी, जागतिक अमका दिन, राष्ट्रीय तमका दिन, आणि तळाशी पट किती, हजर किती. अक्षर छापल्यासारखं. फळ्याचा फोटो साडेदहाच्या आत केंद्राच्या ग्रुपवर टाकावा लागे. त्यावर केंद्रप्रमुखांचा अंगठा उमटला की गुरुजींचा दिवस चांगला जाई. सत्तावन्न वर्षांच्या माणसानं एका चित्रातल्या अंगठ्यावर दिवस काढावा हे काही फार शोभेसं नाही, पण ज्याची त्याची चैन.

दिनविशेषाची त्यांची एक जाड वही होती, महिन्यामहिन्याची पानं केलेली. त्यात जुलै त्यांना विशेष आवडायचा, कारण विदर्भातल्या शाळा तेव्हा नुकत्या उघडलेल्या असतात आणि फळा उन्हाळाभर उपाशी असतो. एकला कृषी दिन, अकराला जागतिक लोकसंख्या दिन, तेवीसला लोकमान्यांची जयंती, सव्वीसला कारगिल विजय दिन.

फळ्यावरची एक ओळ मात्र गुरुजींच्या स्वतःच्या डोक्यातली होती : 'आज वाढदिवस'. थोरामोठ्यांच्या नावाखाली तांड्यातल्या पोराचं नाव आलं की त्याची छाती फुगायची. वर्गात बारा महिन्यांचा तक्ता लावलेला होता. ज्या महिन्यात ज्याचा वाढदिवस, त्या चौकोनात त्याचं नाव. त्या दिवशी डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, सगळ्यांच्या टाळ्या आणि दुपारी खिचडीसोबत गुरुजींकडून एक पेढा.

आता तांडा बंजाऱ्यांचा. दिवाळी झाली की निम्मी घरं ऊस तोडायला जातात, ती गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत जन्मलेल्या पोराची तारीख कोण लिहून ठेवतो? दुसरे मास्तर अशा पोरांना सरसकट एक जून चिकटवून मोकळे व्हायचे. भगवानरावांना त्याचा राग होता. एक तर तो आळशीपणा, आणि दुसरं म्हणजे एक जूनला शाळा बंद. फळ्यावर लिहिणार कधी? म्हणून धरमसिंग राठोडची बायको नंदाबाई आपल्या पुष्पाला पहिलीत घालायला घेऊन आली, तेव्हा गुरुजींनी आधी तक्त्याकडे पाहिलं. अकरा महिन्यांत नावं होती. जुलै रिकामा होता.

"अकरा जुलै लिहितो," ते म्हणाले.

"जुलै कसा जी, गुरुजी? थंडीत झालती ते. अर्धा ऊस तुटलता."

"थंडी फळ्यावर लिहिता येत नाही, नंदाबाई."

ती हसली. गुरुजी म्हणतात तर असेल जुलै. पोरीनं मात्र तो दिवस जिवाशी धरला. पहिलीत मुकुट घालून ती दिवसभर मान ताठ ठेवून बसली, घरी जाऊन तो घालूनच झोपली. दुसरीत तर शाळा उघडल्यापासून तिचा रोज एकच सवाल, "सर, माह्या वाढदिवसाले अजून किती दिस हायेत?" गुरुजी बोटांवर मोजून दाखवायचे. वजाबाकी ती त्या निमित्तानं शिकली.

त्या दिवाळीनंतर ती आईबापासोबत उसाला गेली आणि जानेवारीत तिकडेच वारली. तीन दिवसांचा ताप. मुकादमाची गाडी मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. फडाच्या बांधालाच तिला माती दिली. दवाखान्याचा कागद नाही, ग्रामपंचायतीचा नाही. कोणत्या तारखेला गेली हे नंदाबाईला सांगता येईना; संक्रांतीच्या तिळगुळानंतर आठ-दहा दिवसांनी, एवढंच.

भगवानरावांना वाईट वाटलं. नंदाबाई पाडव्यानंतर रिकाम्या हातांनी शाळेत आली तेव्हा ते रडलेसुद्धा, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण डोळे पुसल्यावर त्यांनी हजेरीपत्रक उघडलं. पट बरोब्बर वीस होता. वीसच्या खाली गेला की शाळा तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत मिसळणार, अशी बोलवा पक्की होती. दुसऱ्या शिक्षिका प्रेरणा मॅडम कुठेतरी जातील. भगवानराव अतिरिक्त ठरतील आणि नोकरीची शेवटची दोन वर्षं झरी जामणीच्या जंगलात काढतील. गुडघे गेलेले. घर, बायको, पथ्याचं जेवण, सगळं महागावात.

"नाव राहू दे सध्या," ते म्हणाले. "एक वर्षाचा प्रश्न आहे. शाळा गेली तर तांड्यातली लहान पोरं नाल्यापलीकडं कशी जातील?"

त्यात थोडं खरं होतं. खोटं गळी उतरवायला तेवढं पुरतं.

"मंग तिची तारीख कुठं लिवसान, गुरुजी?" नंदाबाईनं विचारलं. "गेल्याची?"

"कुठंच नाही."

त्या सालापासून नंदाबाई उसाला गेली नाही, धरमसिंग एकटाच जाऊ लागला. शाळेत खिचडी शिजवायचं काम भगवानरावांनी तिला मिळवून दिलं. दया म्हणून दिलं, असं ते बायकोला सांगायचे. तोंड बंद राहावं म्हणून दिलं, हे बायकोला न सांगताही कळत होतं.

असा पहिला अकरा जुलै आला. पुष्पा कागदावर तिसरीत गेली होती. वर्षभराच्या वाढदिवसांची यादी गुरुजींनी जूनमध्येच केंद्रावर पाठवलेली, त्यात तिचं नाव होतं. फळ्यावर आलं नाही तर कुणीतरी विचारेल. त्यांनी मन घट्ट केलं आणि लोकसंख्या दिनाखाली लिहिलं, 'आज वाढदिवस : पुष्पा धरमसिंग राठोड, इयत्ता तिसरी'. फोटो टाकला. अंगठा आला.

दुपारी मुलं जेवून उठली. प्रेरणा मॅडम हजेरीचं पत्रक घेऊन आल्या. "सर, हजर वीस लिहू ना?"

"एकोणीस," भगवानराव दबक्या आवाजात म्हणाले. कागदावर वीस लिहायचं असलं तरी तोंडानं खरा आकडा बोलायचा, असा दोघांचा अलिखित करार होता.

"नाही हो सर, मी दोनदा मोजले, वीस—" आणि मॅडम तिथेच थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला.

भगवानराव मागे मोरीवर गेले. नंदाबाई ताटं घासत होती. एकोणीस घासून पालथी घातलेली, आणि विसावं हातात. त्यावर पिवळ्या खिचडीची बोटं उमटलेली होती, लहान बोटं.

"ते आलती, गुरुजी," वर न बघता ती म्हणाली.

"कोण?"

"मोठी झाली. वर्षभरानं पोट्टी वाढते नं, तेवढी. परकर आखूड झाला तिले." तिनं ताट राखेत दाबून धरलं. "गेलेलं लेकरू हाये तेवढंच राह्यते, असं आमच्यात म्हणते. हे वाढून राह्यली. काहून वाढून राह्यली, गुरुजी?"

भगवानराव विज्ञानाचे पदवीधर. त्यांनी तिला घरी जाऊन आराम करायला सांगितलं.

"तुमी वाढदिवस लिवला नं, म्हणून," ती म्हणाली. "जित्या माणसाचा वाढदिवस असते. मेल्याची जयंती. आमच्या सेवालाल महाराजाची लिवता तुमी दरसाली, जयंती. माह्या पोरीचीबी जयंती लिवा. वाढदिवस नोका लिवू, मी पाया पडते. तिले झोपू द्या."

"आठ वर्षांच्या पोरीची जयंती लिहू? फोटो जातो तो वर, ठाऊक आहे ना? दोघंही घरी बसू."

नंदाबाईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ताट विसळायला घेतलं. भगवानराव कार्यालयात येऊन पंख्याखाली बसले. नंतर वर्षभर त्यांनी तो दिवस मनातून पुसून टाकला, फळा पुसतात तितक्या सहज. पुसल्यावरही खाली अक्षरं दिसत राहतात हे फळे पुसणाऱ्याला ठाऊक असतं, पण ते असो.

यंदाचा अकरा जुलै शुक्रवारी आला. गुरुजी ती ओळ लिहून खडूचे हात झटकत होते, एवढ्यात फाटकाशी पांढरी गाडी थांबली. पटपडताळणी. आधी कळवलेलं नाही, काही नाही. विस्तार अधिकारी आणि बगलेत फाईल धरलेला एक कारकून. भगवानरावांनी पोरांना ओळीनं बसवलं. त्यात एकही गैरहजर नव्हतं, हीच काय ती कृपा. म्हणजे एकोणीस. एखादं आजारी आहे, मामाच्या गावी गेलंय, असं काही तोंडात जुळवत ते उभे राहिले.

साहेब पेनाच्या टोकानं मोजत निघाले. पहिली ओळ, दुसरी ओळ. मागच्या भिंतीपाशी चौथीतली शीला बसली होती. तिच्या उजव्या हाताला सतरंजीवर एका पोराएवढी जागा मोकळी होती. साहेबांचं पेन शीलावर थांबलं, मग त्या मोकळ्या जागेवर थांबलं.

"वीस," साहेब म्हणाले. "शाब्बास. शंभर टक्के हजेरी."

ते खाली वाकले. "तुझं नाव काय, बेटा?"

बाहेर नंदाबाईनं चुलीत सारलेल्या पऱ्हाटीचा कडकड आवाज तेवढा येत होता.

"पुष्पा? छान. आणि जन्मतारीख सांगता येते?" साहेबांनी कान पुढे केला, आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा! म्हणजे आजच! मग तुला काहीतरी द्यायला पाहिजे."

त्यांनी खिशातलं दुसरं पेन काढलं, निळं, सोनेरी टोपणाचं, आणि मोकळ्या जागेपुढे धरलं. मग हात मागे घेतला. हातात पेन नव्हतं. सतरंजीवरही नव्हतं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

साहेबांनी शेरेबुकात 'पट २०, उपस्थित २०, समाधानकारक' असं लिहिलं आणि चहा न घेता गेले. प्रेरणा मॅडम सोमवारी आल्या त्या महिनाभराच्या रजेचा अर्ज घेऊनच. भगवानरावांनी काही न विचारता सही केली.

त्या शुक्रवारी संध्याकाळी ते स्वतः होऊन नंदाबाईच्या घरी गेले. पाचावर धारण बसलेला माणूस फार लवकर शहाणा होतो. नाव कमी करतो, म्हणाले. तारीख कुठलीही घालू, दाखला मी काढून आणतो, मग शाळेचं काय व्हायचं ते होवो, मी झरीला जाईन नाही तर घरी बसेन.

नंदाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती.

"आता नोका कमी करू," ती म्हणाली.

"तूच म्हणालीस ना गेल्या साली? झोपू द्या म्हणून?"

"गेल्या साली ते बोलली नव्हती." तिनं सूप बाजूला ठेवलं. "आज बोलली. मले म्हणे, याडी, वाढ. याडी म्हणजे आमच्यात माय. मी वाढलं. गुरुजी, दीड वर्षानं मी माह्या पोरीले वाढलं." ती पुढे सरकली. "उद्याबी लिवा."

"काय?"

"तेच. आज वाढदिवस. रोज लिवा. तुमी लिवलं का ते येते. माह्यापाशी साल साल वाट पाह्याचा जीव नाही."

"नंदाबाई, असं कुठं—"

"पोट्टीचा दिवस तुमी बनवला. थंडीतली पोट्टी तुमी जुलैत आणून ठेवली. तुमी मनात आणलं तर कोनताबी दिवस तिचा होते." ती शांत होती, आणि तेच वाईट होतं. "नाही तर मी महागावले जातो. साहेबाले सांगतो का तुमी आज मोजली ते पोट्टी दीड साल झाले मातीत हाये."

अशी ती ओळ फळ्यावर रोज येऊ लागली. गुरुजी आधी दिनविशेष लिहीत, फोटो काढून ग्रुपवर टाकत आणि मग, कुणी वर्गाबाहेर नाही असं पाहून, तळाशी लिहीत : 'आज वाढदिवस : पुष्पा'. दिवसाला एक वाक्य. त्यानं कुणाचं काय बिघडणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. गंमत अशी, की त्या दिवसांत फळ्यावरचा 'हजर २०' पहिल्यांदाच खरा होता.

त्यांना स्वतःला कधी काही दिसलं नाही. दिसायचं ते पोरांना. आणि पोरं काही घाबरली नाहीत; त्यांच्या लेखी पुष्पा होतीच, मध्ये आली नव्हती, आता येत होती.

दहा-बारा दिवसांनी शीला हजेरीच्या वेळी म्हणाली, "सर, पुष्पाताईले खाली बसाले जागा पुरत नाही."

"ताई? तुझ्याच वर्गातली ना ती?"

"हाव. पण आता मोठी झाली नं ते."

भगवानराव वर्गाबाहेर आले आणि फळ्यापुढे उभे राहिले. तेवीस जुलै, लोकमान्य टिळक जयंती. खाली रोजची ओळ. वाढदिवस. आयुष्यभर लिहिलेला शब्द त्यांनी पहिल्यांदा नीट वाचला. वाढ-दिवस. त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. अकरा जुलैला नऊ. बाराला दहा. रविवार सोडून, शाळेचा एकेक दिवस धरत ते आजच्या तारखेवर आले. एकोणीस.

दुपारी त्यांनी नंदाबाईला गाठलं. ती चुलीपाशी बसून हसत होती, एकटीच. इतकं मोकळं हसू त्यांनी तिच्या तोंडावर दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"अशी दिसते, गुरुजी, अशी दिसते! माह्या सासूचं नाक घेतलं तिनं. केस कमरेपर्यंत. तांड्यात अशी पोरगी नाही."

"रोज एक वर्ष जातंय तिचं. कळतंय का तुला? आज एकोणीस. थांबवू या. इथंच थांबवू."

"थांबवलं तर मंग कधी दिसन?"

गुरुजींनी बोटांवर पुन्हा एकोणीस मोजले.

"तुमी लिवत राहा," ती म्हणाली.

श्रावण लागला. पोरं 'पुष्पाकाकी' म्हणू लागली. गुरुजींनी खिचडी चाखायला वर्गाकडे जाणं सोडलं. डबा कार्यालयात उघडायचे आणि तसाच झाकायचे. बायको म्हणाली, अंगावर कपडे लोंबायला लागले, डॉक्टरला दाखवा. त्यांनी वेळ मारून नेली.

अकरा ऑगस्टला शीला मध्यान्हीनंतर पाणी प्यायला कार्यालयाच्या दाराशी आली. जाता जाता सहज म्हणाली, "सर, आज दोन दोन नंदाकाकी होत्या. कोन कोनाले वाढून राह्यलं तेच समजे ना."

नंदाबाईचं वय हजेरीच्या कागदावर चौतीस होतं. गुरुजींनी मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती ओळ लिहिली नाही. रात्रभर ठरवून आले होते. दिनविशेष लिहिला, फोटो टाकला, खडू डब्यात ठेवून डबा कपाटात कोंडला आणि किल्ली खिशात घातली. जाऊ दे महागावला, सांगू दे साहेबाला. एका बाईच्या डोळ्यांदेखत तिच्या लेकराला म्हातारं करण्यापेक्षा झरी बरी.

अकरा वाजता ते काही कामानं बाहेर आले. फळ्यासमोर नंदाबाई उभी होती. हातात चुलीतला कोळसा. काळ्या फळ्यावर कोळसा उमटत नव्हता, म्हणून तिनं भिंतीच्या चुन्यावर लिहिलं होतं. कधी शाळेत न गेलेली बाई. रोज बघून बघून तिला तेवढीच अक्षरं आली होती, वाकडी, मोठमोठी, एकमेकांवर चढलेली. 'आज वाढदिवस पुष्पा'.

"बरोबर हाये नं, गुरुजी?" तिनं विचारलं. शिकवलेलं दाखवताना पोरं विचारतात त्याच आवाजात.

भगवानरावांनी किल्ली काढली आणि तिला खडू दिला.

त्यानंतर तीच लिहू लागली. ते तिच्या मागे उभे राहायचे. एकदा त्यांनी न राहवून विचारलं, "तिला कळतं का गं, आपण काय करतोय ते?"

"ते म्हणते, सरांले सांग, मले मुकुट नाही घातला औंदा."

पोळा झाला, गणपती आले नि गेले. पोरं 'आजी' म्हणू लागली. पहिलीतली चिल्लीपिल्ली दुपारी भिंतीपाशी गोळा व्हायची आणि कुणीतरी गोष्ट सांगत असल्यासारखी तोंड उघडी टाकून ऐकायची. प्रेरणा मॅडमनी रजा वाढवली, मग बदलीचाच अर्ज टाकला. व्हरांड्याच्या फरशीवर सकाळी काठी टेकल्याच्या गोल ओल्या खुणा दिसू लागल्या, फाटकापासून वर्गापर्यंत, आणि दोन खुणांमधलं अंतर दर आठवड्याला कमी होत गेलं.

सप्टेंबरच्या अखेरीस त्यांनी शेवटचं बोलून पाहिलं.

"नंदाबाई, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती उरणार नाही."

"म्हाईत हाये."

"मग?"

"मंग तवा तुमी तारीख लिवून देजा." ती खडू झटकत होती. "पह्यल्या खेपेले मले समजलीच नाही तारीख. मी तिची माय, आन् मले तारीख सांगता आली नाही. या खेपेले मी जवळ राहीन. पुण्यतिथी लिवजा. छापल्यावानी अक्षर काढजा."

भगवानरावांना त्या क्षणी तिचा राग आला, आणि मग ज्याचा यायला हवा होता त्याचा आला. एका तक्त्यातला एक चौकोन रिकामा दिसू नये, म्हणून त्यांनी एका पोरीला दिवस दिला होता. एक नोकरी हलू नये, म्हणून तिचं मरण काढून घेतलं होतं. आता दोन्हीचा हिशेब त्यांच्या फळ्यावर, त्यांच्याच खडूनं चालला होता, आणि त्यांना तिथं उभं राहून फक्त पाहायचं होतं. पाहताही येत नव्हतं.

पंधरा ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. सुट्टी दोन दिवसांवर आलेली. पोरं जेवून कापसाच्या शेताकडे पळाली होती. शाळा रिकामी, कडक ऊन, कुठेतरी होला घुमत होता.

भगवानराव वर्गाच्या दाराशी आले.

नंदाबाई भिंतीपाशी एकटीच बसली होती. समोर विसावं ताट. ती त्यातली खिचडी पाचही बोटांनी कालवत होती, थोडं वरणाचं पाणी घालत होती, पुन्हा कालवत होती. शीत शीत मोडून पेज केली होती तिनं.

"एवढी पातळ कशाला?"

"दात नाही राह्यले तिले," ती हळूच म्हणाली.

ताट तिनं पुढे सरकवलं. मग भिंतीकडून कुणी काही म्हणाल्यासारखी ती चपापली, गुडघे पोटाशी घेऊन नीट बसली, आणि खांद्यावरचा पदर तिनं डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढून घेतला, वडीलधाऱ्या बाईसमोर तांड्यातल्या सुना घेतात तसा.